बोटभर माया

"वहिनी, तुम्ही ब्लाउजं शिवा, चाकांचं माझ्यावर सोडा," धाकटे भाऊजी म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. गाडी माझी, चालवणार मी, आणि मागच्या सीटवर बसणार माझ्या सासूबाई! पाठीच्या ऑपरेशननंतर आठ महिने त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. रविवारी त्यांना थोरल्या बहिणीकडे जायचं होतं, दोन तासांचा रस्ता. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण बजावून दिली, "पाठीला दणका बसता कामा नये." आणि गाडीचे टायर तर सुकून भेगाळलेले. ते बदलायचेच होते, तेवढ्यात भाऊजींनी अलॉय व्हीलचा घाट घातला. खोटं कशाला बोलू, चकचकीत चाकं मलाही हवी होतीच.

दुकानात भाऊजींनी अठरा इंची, काळी कुळकुळीत चाकं आधीच पसंत करून ठेवली होती. माझी जुनी पंधराची. चाक एवढं मोठं, पण त्यावर रबर जेमतेम चार-पाच बोटं.

"हा टायर खड्ड्यात दबणार कुठे? सगळा दणका आईंच्या पाठीत," मी म्हटलं.

"अहो, लूक बघा ना लूक!"

मी पर्समधून टेप काढली. ती साठ इंचांवर संपते, म्हणून खडूची खूण करून पुढचं मोजलं. जुन्या टायरचा घेर सत्त्याहत्तर, या नव्याचा एकोणऐंशी. दुकानातली माणसं गालातल्या गालात हसत होती. हसा म्हटलं, हसा.

"ताई, आरामात बसतं," दुकानदार म्हणाला. त्याने चारही चाकं चढवली, गाडी जॅकवरून उतरवली आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवून दाखवलं. टायर कुठेच घासला नाही. भाऊजींनी कॉलर ताठ केली.

मी वाकून चाकाच्या वरची फट बघितली. करंगळीसुद्धा जाईना. शिवणीत जादा कापड राखतो ना, त्याला आम्ही माया म्हणतो. इथे मायाच सोडली नव्हती. तीस वर्षं मी गिऱ्हाइकाला कपडा नुसता उभ्याने दाखवत नाही. उभ्याने सगळंच छान बसतं, उसवतं ते खाली बसल्यावर.

"बसा सगळे गाडीत," मी फर्मावलं.

"कशाला?"

"ट्रायल!"

भाऊजी पुढे, दुकानदार आणि त्याचे दोन धष्टपुष्ट कारागीर मागे. मी स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी फाटकाच्या उतारावर घातली. खर्रर्र! असा आवाज झाला की चौघांनी एकदमच पाय वर घेतले. उतरून बघतात तर चाकावरच्या प्लॅस्टिकच्या अस्तराला टायरचा काळा ओरखडा. भाऊजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, शिट्टी येत असती तर वाजवली असती.

"पंधरा वर्षांत अशी ट्रायल कुणी घेतली नाही, ताई," दुकानदार कान पकडत म्हणाला.

मग त्यानेच आतून पंधरा इंची, पाच पाकळ्यांची चंदेरी अलॉय काढली. नटांची भोकं जुळली, काजात बटण जावं तशी. टायर जुन्याच मापाचा, सात बोटं रबराचा. घेर मोजला. सत्त्याहत्तर! पुन्हा सगळ्यांना कोंबून त्याच उतारावर नेलं. हूं की चूं नाही. भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, माझी ती पँट जरा कमरेत..." मी म्हटलं, "टाका घरी, बघते."

रविवारी निघालो. वाटेतले खड्डे मी जीव मुठीत धरून ओलांडत होते. मागून "आई गं" कधी ऐकू येतंय म्हणून कान तिकडेच. पण अर्ध्या तासाने ऐकू आलं ते घोरणं.

थोरल्या मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी बहिणीला घट्ट धरलं, मग दोघी रडल्या, मग हसल्या. सासूबाई काठी टेकत पुढच्या चाकापाशी गेल्या, सावकाश हात पुढे केला आणि वरच्या फटीत दोन बोटं घालून बघितली. मला मशीनवर पहिल्यांदा बसवलं होतं ते त्यांनीच, आणि तेव्हा माझी प्रत्येक शिवण त्या अशाच तपासायच्या.

"माया सोडलीय गं नीट," त्या म्हणाल्या. मग बहिणीकडे वळून म्हणाल्या, "माझ्या सुनेने शिवलीय ही गाडी. मला झोप लागली."