देवाचा दगड कुठला

भागोजी तांडेलाची ज्ञानेश्वरी रत्नागिरीला भूशास्त्रात एम.एस्सी. करते. खालच्या वाडीत त्याला ‘दगड शिकणं’ म्हणतात. शिकून शिकून दगड, हा विनोद नळावरच्या बायकांना बरेच दिवस पुरला. भागोजीला त्याचं काही नव्हतं. “माझी पोर दगड बघून त्याचा गाव सांगते,” असं तो जेटीवर कुणालाही ऐकवायचा, आणि ऐकणारा बर्फ फोडता फोडता ‘हो का’ म्हणायचा. बढाई कधीतरी अंगाशी येतेच. तशी ती आली.

गावात दोन वाड्या. खाली मच्छीमार, वर सड्याच्या उघड्या कातळमाळाच्या कडेला शेतकरी. देऊळ मात्र एकच, आणि देव म्हणजे हातभर उंचीचा एक उभा दगड. वरचे म्हणतात, देव स्वयंभू, आमच्या जमिनीतून वर आला. खालचे म्हणतात, देव दर्यातून आला, आमच्या पूर्वजाच्या जाळ्यात सापडला. एवढ्यावरून भांडण कशाला, असं परक्याला वाटेल. पण ज्याचा देव त्याचा मान, आणि शिमग्यात पालखी आधी कुणाच्या दारी जाणार हे त्या मानावर ठरतं. मारामारी नको म्हणून दोन शिमगे पालखी देवळातच कुलपात राहिली. मुंबईकर रजा काढून आले आणि मटण खाऊन परत गेले.

तिसऱ्या वर्षी गावसभेत भागोजी उठला. “कौल नको नि कोर्ट नको. दगड इथला का भायरचा, ता माझी पोर सांगेल. ती सांगेल ता मी मानीन. तुमी मानाल?”

वरच्या वाडीचे म्हातारे गंगाराम जरा घुटमळले. पण नाही म्हणावं तर आपलाच आपल्या देवावर भरवसा नाही असं झालं असतं. “मानू,” ते म्हणाले.

ज्ञानेश्वरीला कुणी विचारलं नाही. तिला फोनवर फक्त वार कळवला.

त्या दिवशी गुरवाने देवाला अंघोळ घातली, तेल-शेंदूर उतरवला आणि तिला गाभाऱ्यात बोलावलं. बाहेर दोन्ही वाड्या दाटीवाटीने उभ्या. तिने भिंग काढलं, पण ते नुसतं दाखवायला. ओल्या दगडात गुलाबी दाणे साध्या डोळ्यांना दिसत होते, त्यांच्यामध्ये पांढरे, आणि अधूनमधून चमकणारा अभ्रक. ग्रॅनाइट. आपल्याकडे वर जांभा, खाली काळा पाषाण. असा दगड इथल्या जमिनीत सापडायचा नाही. जुनी गलबतं रिकामी यायची तेव्हा तोल राहावा म्हणून तळाला दगड भरून आणायची, त्यांतलाच एखादा असणार. म्हणजे आलेला दर्यातूनच. बापाचं खरं होतं. तिने एक वाक्य बोलायचा अवकाश, जेटीपासून मुंबईपर्यंत भागोजीचं नाव झालं असतं. आनंदाने तिचे कान गरम झाले.

ती वळली. दारात भागोजी छाती काढून उभा होता. त्याच्या मागे गंगाराम. हात जोडलेले, पण नजर देवाकडे नव्हती, तिच्याकडे होती. जन्मभर ज्याला आपल्या मातीतला म्हणून पुजलं, तो आपला नाही असं आता ही पोरगी सांगणार, म्हणून म्हातारा घाबरला होता. ज्ञानेश्वरीला त्याचा रागच आला, कारण त्याच्याकडे बघून तिला ते वाक्य बोलता येईना.

“नुसतं बघून नाही सांगता येत,” ती म्हणाली. “नखाएवढा तुकडा काढावा लागेल. त्याचा पातळ काप करून कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली बघू.”

कुणाला पटकन कळलंच नाही.

“देव फोडणार?” गंगाराम ओरडले.

“हात तर लावून बघ!” भागोजी त्यांच्याहून मोठ्याने ओरडला.

खंडित देव पुजत नाहीत, हे दोन्ही वाड्यांना सारखंच ठाऊक होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच सगळे एका बाजूला आले होते, आणि समोर ती एकटी.

पुढचं भराभर झालं. देव फोडण्यापेक्षा आपसात मिटवलेलं बरं, असं सगळ्यांना एकदम सुचलं. एक वर्ष वरच्यांचं, एक वर्ष खालच्यांचं. यंदा पहिलं कोण, यावर भागोजी एरवी हातघाईवर आला असता. पण ज्याच्या पोरीला दगड ओळखता येत नाही, त्याने कुठल्या तोंडाने भांडायचं? तो खाली मान घालून बसला. पहिला मान वर गेला.

शिमग्याला कुलूप निघालं, ढोल वाजले, पालखी आधी वरच्या वाडीत नाचली. भागोजीच्या दारात यायला उन्हं कलली. ज्ञानेश्वरीने ओवाळलं. “काय काका, पोर नापास?” मुंबईहून आलेल्या पुतण्याने, संदेशने, सगळ्यांदेखत विचारलं, आणि लोक हसले. भागोजीही हसला.

पालखी पुढच्या दारी गेल्यावर तो तिच्याजवळ आला. तो चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“मनाला लावून घेऊ नको, बाय. सगळ्यांनाच सगळा जमता असा नाय. मीच उगाच सांगत फिरलो लोकांना. चूक माझी.”

ग्रॅनाइट, बाबा, बघताक्षणी कळलं मला, असं तिला ओरडून सांगायचं होतं. पण ओटीवर गंगाराम आणि वरच्या वाडीची चार माणसं कोकम सरबत पीत बसली होती, दोन वर्षांनी पहिल्यांदा.

“हो, बाबा,” ती म्हणाली.