एक ओळ बाईंची

जुईलीने स्पीकरची वायर काढून पुन्हा खोचली. आवाज नीट येत होता; हातांना काहीतरी काम हवं होतं, एवढंच.

केंद्रप्रमुख शेडगे खुर्ची मागे ओढून बसले. संगणकासमोर दुसरीतली मोनाली होती, तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. तिची आजी लिलाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"फुकटचं सॉफ्टवेअर ना हे?" शेडगेंनी विचारलं.

"हो सर. साधनाबाईंनीच बसवलं," किशोर सर म्हणाले. "धडेही त्यांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केले. एक ओळ बाईंची, पुढची मुलाची. मुलाची ओळ नुसती पडद्यावर दिसते."

"फुकटचं असू द्या हो. वाचता येतं का, तेवढं बघू. आलं तर चालू ठेवा. नाहीतर सोमवारी माणूस येईल, हे सगळं पुसून बाकीच्या शाळांसारखं ॲप टाकेल."

पुसून. जुईलीने माउसवरचं बोट उचललं.

साधनाबाई तिची आई. ती गेल्यावर या वाडीवरच्या शाळेत किशोर सर एकटेच उरले होते. साहेब येणार म्हणून त्यांनी जुईलीला हिंजवडीच्या ऑफिसात फोन केला होता, "रेकॉर्डिंगमध्ये खरखर फार आहे, ताई. तुम्हाला जमेल ना?" काल संध्याकाळी पौडच्या घरी, आईच्या टेबलाशी बसून तिने ते केलं. खरखर लगेच गेली. पण प्रत्येक ओळीनंतर आई खोकत होती. जुईलीने एकेक खोकला निवडून काढला, त्याच्या जागी तेवढीच शांतता भरली आणि जुन्या फाइलवरच जतन केलं. आवाज स्वच्छ झाला. आजारपणाआधी होता तसा.

आता जुईलीने धडा सुरू केला.

"बहिरूची शेळी धरणाच्या काठाला गेली," आईचा आवाज म्हणाला.

पडद्यावर दुसरी ओळ आली. मोनाली स्पीकरकडे बघत राहिली.

"वाच बाळ. समोरच आहे," शेडगे म्हणाले.

मोनालीने ओठ मिटले.

"बोल की गं," लिलाबाई दारातून म्हणाली. "घरी शेळ्यांना वाचून दावतीस, अन् हितं तोंडाला कुलूप व्हय?"

किशोर सरांनी धडा पुन्हा लावला. बहिरूची शेळी पुन्हा काठाला गेली. पुन्हा तीच शांतता. बाहेर कुणाचीतरी मोटरसायकल चढ चढून गेली, तरी मोनाली गप्पच.

"पाठ केलेलं असतं हो यांचं." शेडगेंनी पेनाला टोपण लावलं आणि ते उठले.

किशोर सर मोनालीसमोर उकिडवे बसले. "मोना, येतंय ना तुला?"

"येतंय."

"मग?"

"बाई खोकल्याच न्हाईत अजून." तिचा आवाज अगदी खाली गेला. "त्यांचं झाल्याबिगर मधी बोलायचं न्हाई."

"कोण खोकलं नाही?" शेडगेंनी विचारलं.

किशोर सरांनी जुईलीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

जुईलीने धडा पहिल्यापासून लावला. आईची ओळ संपली. पडद्यावर दुसरी ओळ उमटली. जुईलीने मूठ तोंडापाशी नेली आणि ती खोकली. कोरडं, दोनदा, दुसऱ्यांदा जरा खोल, काल कानात ऐकलं होतं तसं.

मोनालीचं बोट पडद्याकडे गेलं.

"तिथं... गवत हिरवं होतं," तिने वाचलं. "पण शेळीला... पाणीच बघायचं होतं."

शेडगे पुन्हा खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांनी आपली पाण्याची बाटली जुईलीपुढे सरकवली.

"घ्या, मॅडम. घसा धरलाय तुमचा."

जुईलीने मान हलवली, पण बाटली उचलली नाही. आईची पुढची ओळ संपत आली होती.