आमेनपर्यंत टांगलेला कोयता

मी एक जुना कोयता आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. माझ्या मनात सूड आहे आणि तो मी लपवणार नाही.

पूर्वी मी एका ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा होतो. कळंबोलीच्या लोहाराने मला तापवून, ठोकून ही वाकडी धार दिली. पनवेलजवळच्या कातकरी वाडीतल्या पांडूने मला घेतले आणि कमरेच्या लाकडी आकडीत अडकवले. मी सरपण तोडले, घरांच्या कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या तोडल्या. पांडूच्या कोयत्याला दुसरा घाव लागत नाही, असे लोक म्हणत. तेव्हा मी फार सुखी होतो.

वाडीतली काही घरे येशूला मानतात. त्यांचे प्रार्थनाघर कारवीच्या कुडाचे, वर पत्रा. तिथे एक रीत आहे. आत जाण्यापूर्वी प्रत्येकाने कोयता बाहेरच्या खांबावर टांगायचा आणि आमेन होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात पांडू आणि सोमी वीटभट्टीवर कामाला होते, तेव्हा भट्टीचा मुकादम निकेश याने मोबाइलवर बोलत ट्रॅक्टर मागे घेतला. पांडूची लहानगी मुलगी बायजी चाकाखाली आली. तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पोर विटांच्या थरावरून पडली, असे निकेशने पोलिसांना सांगितले. पांडूची बायको सोमी हिने मात्र चौकीत जाऊन खरे ते सांगितले.

पांडूने मला आकडीतून काढले. तो मला दगडावर घासू लागला. तोडायला काही नसतानाही रोज घासू लागला. मला त्याचे मन कळले आणि आनंद झाला.

एका रविवारी सोमी प्रार्थना चालवत होती. पांडू आणि बायजी आत होते, मी खांबावर होतो. निकेश मोटारसायकलवरून आला आणि तक्रार मागे घ्या, नाहीतर वाडी उठवीन, असे ओरडू लागला. तेवढ्यात रानातून परतलेल्या माणसांनी त्याला घेरले. त्यांच्या हातांत माझेच भाऊबंद होते. निकेश पळाला आणि नेमका प्रार्थनाघरात शिरला.

"काय मुकादम, पाय लटपटतात? तू बी थरावरनं पडलास काय रं?" बाहेरून कोणीतरी विचारले.

पांडू बाहेर आला. त्याची मूठ माझ्या मुठीवर आवळली. मित्रांनो, त्या क्षणासाठीच मी धार धरली होती.

"हात काढ," आतून सोमी म्हणाली. "आमेन झाला नाय अजून."

"मंग म्हन लवकर, सोमे!"

"म्हनते. माजं मागनं मोठं हाय." तिने डोळे मिटले. "देवा, ह्यानं माज्या पोरीचा पाय खाल्ला. ह्याला सोडू नको. ह्याची झोप उडव. पन आज हा तुज्या छपराखाली शिरलाय आन् मला बी दुसरं छप्पर नाय. माज्या नवऱ्याला जेलात धाडू नको. पोरीला उचलून न्यायला बाप पायजे."

बायजी चटईवर सरकली. निकेशला बसायला जागा झाली.

"आय, त्याला खरं बोलायला लाव ना," ती म्हणाली.

निकेशला कुडाच्या फटीतून आम्ही सगळे दिसत होतो. "ट्रॅक्टर मीच मागे घेतला," तो पुटपुटला. "मागे बघितलं नाही."

सोमी प्रार्थना करतच राहिली. घसा बसला तरी थांबली नाही. अखेर कोणीतरी बोलावलेली पोलिसांची गाडी आली. निकेश गाडीत बसला, तेव्हा पांडूने माझ्याकडे पाहिले.

"आता तरी आमेन म्हन."

"नाय. निकाल लागंल त्या दिशी."

पुढे न्यायालयात निकेशने आपले शब्द नाकारले. पण वाडीने ते ऐकले होते. साक्षी सुरू आहेत. दर रविवारी इतर प्रार्थनांना आमेन होते, त्या एकीला होत नाही. म्हणून मी अजून खांबावरच आहे. पांडू दुसऱ्याचा कोयता मागून काम करतो. तारखेला निघताना तो बायजीला खांद्यावर घेतो. माझ्यापाशी थांबतो, मला हात न लावता पुढे जातो.

मला क्षमा येत नाही. मी लोखंड आहे. माझी मागणी मी सोडलेली नाही, सोमीनेही सोडलेली नाही. तिने ती फक्त माझ्याहून मोठ्या हातात दिली आहे. मित्रांनो, पाण्याने मला गंज चढतो आहे. येता-जाता थोडे तेल लावा, माझी मूठ ढिली होऊ देऊ नका. पण मला खांबावरून काढू नका. आत अजून प्रार्थना चालू आहे.