हंगामाचा कोट

देवमनच्या पोरीनं, प्रणालीनं, दिवाळीनंतर तोंडाला जी ओढणी बांधली, ती घरातही सोडेना. जेवताना तेवढी हनुवटीखाली ओढायची, घास घ्यायचा, की पुन्हा वर. उन्हाळ्यात अकोल्याच्या पोरी अशाच फिरतात, त्यात नवल नाही. पण ही भर थंडीत, स्वतःच्या घरात! कारण पुटकुळ्या. तेही फक्त उजव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत. लाल, ठणकणाऱ्या. एक बसली की शेजारी दोन उठायच्या.

पुटकुळ्यांसाठी कोणी एवढं मनाला लावून घेतं का, असं म्हणणाऱ्यानं आधी सतरा वर्षांची पोरगी घरात सांभाळून दाखवावी.

आईनं, म्हणजे सत्यवतीनं, उपायांचा नुसता सपाटा लावला. कडुनिंबाचा पाला वाटून झाला. मोर्शीच्या मावशीनं संत्र्याच्या सालीची भुकटी पाठवली, तीही थापून झाली. शेंगदाणे बंद, तिखट बंद, म्हणजे वऱ्हाडात जगणंच बंद. शेजारीण म्हणाली पोट साफ नाही, तर तेही साफ करून झालं. देवमननं मेडिकलमधून दोन मलमं आणली. पुटकुळ्या जशाच्या तशा. आणि एका संध्याकाळी प्रणालीनं ताट सरकवून सांगितलं, "मी उद्यापासून क्लासले नाही जात."

डॉक्टर व्हायचं हे या पोरीनं आठवीतच ठरवलेलं; घरात कोणी शिकवलेलं नव्हतं तिला.

"काहून?" त्यानं विचारलं.

"सगळे पाहतात."

"मंग ओढणी बांध ना."

"बांधते तर विचारतात, काहून बांधली म्हणून."

एरवी बापलेकीत बोलायचा रिवाज नव्हता. देवमन अकोल्याला सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये मशीनवर. पहाटे गावातून गाडी काढायची, मागे प्रणाली, तिला क्लाससमोर उतरवायचं आणि तसंच मिलला जायचं. दुसरं वर्ष चाललं होतं, पण रस्ताभर पोरीच्या तोंडून चकार शब्द नाही. क्लाससमोर उतरली की मागे वळूनसुद्धा पाहायची नाही. मिलमधल्या बापाची लाज वाटते हिला, असं देवमननं मनाशी धरून ठेवलं होतं. कोणाला सांगितलं नाही, पण ते सलायचं.

"एकडाव अमरावतीच्या डॉक्टरले दाखवू," तो म्हणाला. "त्यायनं नाही झालं, तर मी जबरदस्ती नाही करत."

"नक्की?"

"नक्की," देवमन म्हणाला.

अमरावतीच्या डॉक्टर वर्षाली मॅडमनी आधी मलम लिहिलं नाही, प्रश्नच विचारले. कोणत्या कुशीवर झोपतेस? डाव्या. फोन कोणत्या कानाला? डाव्याच. उन्हाळ्यात वाढतात का?

"नाही. कमी होतात. गेल्या साली गुढीपाडव्यानंतर सगळ्या गेल्या होत्या," प्रणाली म्हणाली. "दसऱ्यापासून पुन्हा सुरू."

"हे उलटंच झालं," मॅडम म्हणाल्या. "लोकांना घामानं वाढतात. तुझ्या वयात थोड्या येणारच, पण एकाच गालावर एवढ्या? ती ओढणी दे बघू."

त्यांनी ओढणी दिव्याखाली धरली. एका जागी कापड पिवळट झालेलं, हाताला चिकट. मॅडमनी ती नाकाशी नेली. "हा वास कसला?"

देवमननं ओढणी घेऊन दोनदा हुंगली. "मले तर काहीच वास नाही येऊन राहिला."

आणि येणार कसा? वीस वर्षं ज्या वासात माणूस श्वास घेतो, तो त्याला वास वाटतच नाही.

मॅडमची नजर त्याच्या अंगातल्या जाड खाकी कोटावर थांबली. "भाऊ, काय काम करता? आणि हा कोट शेवटचा धुतला कधी?"

देवमनचे कान तापले. "तेलाच्या मिलमध्ये आहे मॅडम. दसऱ्याले मशीनसंगं आमच्या कोटाचीबी पूजा होते. एकदा कुंकू लागलं, की हंगाम सरेपर्यंत त्याले पाणी नाही लावत. मशीन बंद पडते म्हणतात. पाडव्याले धुतो."

दसरा ते पाडवा! मॅडमनी कोटाच्या पाठीवर बोट टेकवलं आणि ते बोट पोरीला दाखवलं. चकचकत होतं. "हे तेल तुझ्या ओढणीत कसं आलं गं?"

प्रणालीनं मान खाली घातली. "मी झोपते," ती कशीबशी म्हणाली. "गाडीवर. बाबाच्या पाठीवर गाल टेकवून."

मॅडम समजावत राहिल्या: तेल ओढणीत मुरतं, तीच ओढणी दिवसभर गालावर आवळलेली, खाली कातडीची बारीक छिद्रं बुजतात, पुटकुळ्या येतात, त्या झाकायला पोरगी ओढणी अजून आवळते. गाडीवर झोपण्यावरून त्या दोघांनाही रागावल्या. औषध लिहून दिलं. देवमनच्या कानावर सगळं पडत होतं, पण तो तिथं नव्हताच.

रोज पाठीला जे जड लागायचं, ते पुस्तकांचं दप्तर असेल असं तो समजत होता. ते दप्तर नव्हतं! ती पोरगी होती. बाजूनं ट्रक धडधडत जाताहेत, हाडं गोठवणारा वारा, आणि ही बापाच्या पाठीवर निजलेली, घरच्या गादीवर निजावं तशी. एवढा विश्वास! दोन वर्षं त्याच्या पाठीवर ठेवलेला, आणि त्याला पत्ता नाही. त्या लाल गालाकडे त्यानं आता नीट पाहिलं. तोंडानं जे पोरगी कधी बोलली नाही, ते त्या गालावर सगळ्यांना दिसेल असं उमटलं होतं, आणि घरात त्यावर कडुनिंब थापणं चाललं होतं.

घरी आल्याबरोबर त्यानं कोट धुवायला काढला.

"अवो, हंगाम चालू आहे ना!" सत्यवती घाबरली.

"राहू दे चालू."

साबणाचं पाणी पिवळंधमक होऊन वाहिलं, त्यातच कुंकूही गेलं. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये सगळ्यांनी त्याला धारेवर धरलं. "देवमन, मशीन बंद पडली तर पाहून घेजो!" मशीन बापडी रोजच्यासारखी खडखडत राहिली. तेव्हापासून तो कोट मिलमध्येच खुंटीला ठेवायचा आणि गाडीवर धुतलेला सदरा घालून कुडकुडत जायचा.

प्रणालीची ओढणी आधी घरात सुटली. संक्रांतीच्या सुमारास गाल बराच निवळला, डाग तेवढे राहिले, आणि एके दिवशी ती उघड्या तोंडानं क्लासला गेली. क्लास सोडायची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही. सत्यवतीचा जीव भांड्यात पडला. पण गाडीवर पोरगी आता मागची दांडी धरून, अंतर ठेवून ताठ बसायची. देवमनच्या पाठीला वारा लागायचा. जे आहे हे कळलं, ते कळल्याबरोबर गेलंही होतं. मागता तरी कसं येणार ते?

शेवटी एका पहाटे गाव मागे पडल्यावर तो समोर पाहतच म्हणाला, "सदरा रोज धुतो मी."

दोन खड्डे गेले, पूल गेला.

मग पाठीवर ते वजन आलं. हळूच, नेहमीच्या जागी, उजवा गाल.

देवमननं गाडी एकदम हळू घेतली. "झोपू नको बरं," तो म्हणाला. "मॅडम रागावल्या होत्या. काही बोलत राय."

"काय बोलू?"

"काहीबी."

आणि पोरगी बोलू लागली. कातडीला किती थर असतात, कोणत्या थरात काय असतं, क्लासमध्ये काल शिकवलेलं सगळं. देवमनला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो फक्त "हं" म्हणत होता, आणि अकोला आज फार लवकर आलं.