भिंगरीचा गृहपाठ

माझ्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. वय वर्षं पाच. गेला महिनाभर तिनं घरात नुसता उच्छाद मांडला होता. नळ जरा जास्त सोडला की ओरडा, कागद एकाच बाजूनं वापरला की ओरडा. शाळेत बाईंनी 'पृथ्वीचे पहारेकरी' नेमले होते आणि त्यातला सगळ्यात कडक पहारेकरी नेमका माझ्या वाट्याला आला होता. वरवर कुरकुरत असले तरी मला तिचं भारी कौतुक वाटायचं.

मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. त्या दुपारी तिच्या बाईच चष्म्याची सैल काडी आवळून घ्यायला आल्या. मी बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले आणि त्या समोर बसून बोलायला लागल्या.

"तुमची भिंगरी म्हणजे कमाल आहे हो! आज मुलांना नवा गृहपाठ दिलाय. टीव्ही असो, चार्जर असो, घरात जिथे जिथे छोटा दिवा पेटलेला दिसेल, त्याचं बटण बंद करायचं. ती म्हणाली, मी घरी गेल्या गेल्या करणार."

"म्हणजे आता आमचं काही खरं नाही," मी हसत म्हणाले, आणि हसता हसताच माझा हात थांबला.

आमच्या घरात एक छोटा हिरवा दिवा दिवसरात्र चालू असतो. बाबांच्या ऑक्सिजनच्या मशीनचा. माझ्या वडिलांची फुप्फुसं पार थकली आहेत. ते मशीन बंद पडलं की थोड्याच वेळात त्यांचे ओठ निळे पडायला लागतात. नवरा परगावी नोकरीला. शाळा सुटल्यापासून मी परत येईपर्यंत घरात बाबा आणि भिंगरीच असतात.

मी बाबांच्या मोबाइलवर फोन लावला. नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावला. बाई विचारत होत्या, काय झालं, काय झालं, आणि मी तुटक तुटक सांगत होते, बाबांचं ऑक्सिजनचं मशीन, त्याचा हिरवा दिवा. शेवटी एकदाचा भिंगरीनं उचलला.

"आई, मी सगळं सगळं बंद केलं!"

"आजोबांचं मशीन?"

"ते पण. ते पीं पीं ओरडत होतं ना, म्हणून मी त्याच्यावर पांघरूण टाकलं."

"आजोबा काय करतायत?"

"झोपलेत. तोंड उघडं आहे."

"भिंगरी, ते बटण चालू कर. आत्ताच्या आत्ता!"

"अजिबात नाही. बाई म्हणाल्यात, मोठी माणसं आळशी असतात. ती परत लावा म्हणतात. आपण ऐकायचं नाही."

समोर बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी फोन त्यांच्या हातात कोंबला. "भिंगरी, बाळा, बाई बोलतेय. बटण चालू कर हं," त्या म्हणाल्या. आवाज इतका थरथरत होता की त्यांचा त्यांनाच ओळखू आला नसता.

"खोटं! बाई शाळेत असतात. आई, तू बाईंचा आवाज काढतेस."

एरवी मी पोट धरून हसले असते. त्या क्षणी त्या शहाण्या पोरीच्या आणि बाईंच्या, दोघींच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण बाई खमक्या निघाल्या. डोळे मिटून त्यांनी विचारलं, "झाडं आपल्याला काय देतात?"

"हवा," भिंगरीनं सवयीनं उत्तर दिलं.

"आजोबांना तेवढी हवा पुरत नाही. ते मशीन म्हणजे त्यांचं झाड आहे."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "मी झाड तोडलं?" आणि फोन खाली आपटल्याचा आवाज.

घर दोनच गल्ल्या पलीकडे, मी तशीच रस्त्यावर धावत सुटले. मागून बाई फोन कानाला लावून धापा टाकत येत होत्या. कोपऱ्यावर त्या ओरडल्या, "घरघर ऐकू येतेय! सुरू झालं!" तरी माझे पाय थांबले नाहीत.

घरात शिरले तेव्हा बाबांची छाती जोरजोरात वरखाली होत होती. ओठ जांभळे होते, पण डोळे उघडे होते. हळूहळू रंग परत आला. बाई दारातच मटकन खाली बसून रडत होत्या. भिंगरी मशीनला मिठी मारून उभी होती. माझी इतका वेळ कोंडलेली भीती संतापाच्या रूपानं बाहेर पडली आणि मी तिचा दंड धरून तिला गदागदा हलवलं.

"निदान विचारायचं तरी होतंस कुणाला!"

"विचारलं होतं," ती हुंदके देत म्हणाली. "आधी विचारायचं, तुम्हाला हे हवंय का, मगच बंद करायचं, असं बाईंनी शिकवलंय. मी आजोबांना विचारलं."

"मग?"

"ते म्हणाले, नको गं बाळा आता. कर बंद."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मशीनचं बटण त्यांच्या उशाशीच होतं, हात लांबवला की पोचेल असं, आणि उद्या मला कामावर जायचं होतं.