सरोवराचं तोंड

मधुकाका रेल्वेत इंजिनियर. नवा रेल्वेमार्ग टाकायला त्यांची बदली पूर्वकिनाऱ्यावर झाली, तेव्हा सुट्टीत त्यांची पुतणी कुसुमावती तिकडे राहून आली होती. तिथल्या खाऱ्या सरोवराचं समुद्राकडे उघडणारं अरुंद तोंड कोळणींनी तिला दाखवलं, आणि तिने काकांना ओढत तिथे नेलं. "माशांची पिल्लं इथूनच आत येतात, मोठी होऊन इथूनच परततात. तुमची गाडी पुलावरूनच न्या हं!" काकांनी तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं. तिनेही ते सगळ्या कोळीवाड्याला तोऱ्यात सांगून टाकलं.

आज काकांची गाडी कुसुमावतीच्या गावी, झाशीला थांबली. बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन ती खिडकीशी धावली. "झाला पूल?"

"पूल कसला! तोंडावरच मातीचा भराव घातला. सगळ्यात अरुंद जागा तूच तर दाखवलीस, बिटिया. काम झटपट उरकलं."

"आणि मासे?"

"यंदा जाळी रिकामीच. पण मासे न खाणाऱ्या घरात माशांचं एवढं सुतक कशाला?" काका खो खो हसले.

कोळणी आता तिच्याच नावाने बोटं मोडत असतील. तेवढ्यात शिट्टी झाली.

"अगं, डबा दे की!"

तिने डबा पोटाशी घट्ट धरला. "पूल बांधाल तेव्हा न्या!" ती ओरडली, आणि गाडी हलली.