येळवशीचे पिठले

गंगाखेडच्या मुलींच्या शाळेत माझा धाक एकतीस वर्षे टिकला. एसटीचे तिकीट मात्र वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत मी स्वतः काढलेले नव्हते. बँक, शेत आणि प्रवास माणिकरावांकडे, घर आणि शाळा माझ्याकडे, अशी आमच्या संसाराची वाटणी होती. ते गेले आणि सारेच माझ्याकडे आले. गेल्या तीन वर्षांत मी बँकेतील तरुणाला ग्राहकाकडे पाहून बोलायला शिकवले, मोबाइलवरून वीजबिल भरायला स्वतः शिकले, आणि राणीसावरगावच्या आमच्या शेतावर दर पंधरवड्याला एकटी जाऊ लागले. वाहक पहिल्या फेरीत मला "आजी" म्हणत. दुसऱ्या फेरीपासून "बाई" म्हणू लागले.

ही प्रगती पुण्यातल्या माझ्या मुलाला, शंतनुला, काळजीची वाटे. यंदाच्या मार्गशीर्षात त्या काळजीला बातम्यांच्या वाहिन्यांची जोड मिळाली. पाण्यातून पसरणारा कसलासा आजार शहरात निघाला होता. ती बातमी मीही पाहिली. डाव्या दाराला पोचा पडलेली एकच रुग्णवाहिका तासाभरात चौदा वेळा त्याच फाटकातून आत शिरली. शंतनुने बहुधा चौदा रुग्ण मोजले.

अमावास्येच्या दोन दिवस आधी त्याचा फोन आला.

"आई, येळवस यंदा बंद. शंभर माणसं एका माठातली आंबील पिणार, तीही ताकातली. बाहेर काय चाललंय तुला कळतंय का?"

"आपल्या जिल्ह्यात किती रुग्ण आहेत?"

"अजून नाहीत. पण 'अजून' हा शब्द नीट ऐक."

"शब्द मला ऐकवू नकोस. मी ते शिकवले आहेत."

"तेच! कुणाचं ऐकायचंच नाही. मग मी रविवारी गाडी घेऊन येतो. इथं तुझी खोली तयार आहे. गंगाखेडचं घर बंद करायचं आणि कायमचं इकडं यायचं. एकटीनं राहण्याचा हट्ट पुरे झाला."

मी फोन ठेवला. आमच्या भागात वेळ अमावास्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी रानात कडब्याची कोपी, म्हणजे छोटी झोपडी, उभारायची, चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाही आंबील आणि भाज्या-डाळींची भज्जी खाल्ल्यावाचून सोडायचे नाही. माणिकरावांच्या पश्चात ही येळवस मी उभी करत होते. ती माझ्या हातून सुटली असती तर पाठोपाठ घराची किल्लीही सुटली असती, हे मला स्पष्ट दिसत होते.

तथापि मी हट्टी असले तरी अडाणी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरकारी दवाखान्यात डॉक्टर राजेश्रीकडे गेले. ती माझीच विद्यार्थिनी.

"बाई, पाणी उकळून वापरा," ती म्हणाली, "साबणानं हात धुतल्याशिवाय कुणाला पंगतीत बसू देऊ नका, आणि ताप-जुलाब असेल त्याला घरी बसवा. एवढं केलं तर मी स्वतः जेवायला येते."

आमचे शेत वाट्याने करणारा चंद्रभान आणि त्याची बायको कडूबाई यांना मी हे सारे फोनवर बजावले. ताकसुद्धा उकळून गार केलेल्या पाण्याचे, अशी ताकीद दिली. संध्याकाळी शंतनुचे फोन पुन्हा सुरू झाले, तेव्हा मी मोबाइल बंद करून कपाटात ठेवला. हे मी रागाने केले, आणि ते चुकले.

अमावास्येला सकाळच्या पहिल्या गाडीने मी निघाले. पूजेची आंबील घरच्या वडील बाईच्या हातची असते, म्हणून तिचा डबा मांडीवर होता. राणीसावरगावला उतरले तर मोटारसायकल घेऊन येणारा चंद्रभान दिसेना. टपरीवरच्या माणसाने माझ्याकडे पाहिले आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. मी चालत चंद्रभानच्या घरी पोहोचले.

अंगणात वीस-पंचवीस माणसे खाली माना घालून बसली होती. कडूबाई डोळ्यांना पदर लावून हुंदके देत होती. बाजूला फडक्यांनी झाकलेल्या टोपल्या आणि पातेली मांडलेली. वासावरून मी ओळखले, पिठले-भाकरी. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी नेतात ती.

"कोण गेले?" मी विचारले.

कडूबाईने मान वर केली आणि किंकाळी फोडली. "अगं माय माय माय! बाई, तुमी तर धडधाकट हाव की!"

आमच्या शेताचे शेजारी अप्पाराव भिंतीला धरून उठले. "बाई, तुमी हितं... मग मेलं कोण?"

"माझ्या माहितीत कुणी नाही. तुम्ही सांगा."

"अवो, रातच्याला गावच्या ग्रुपवर आलंय. ह्ये बघा." त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. शंतनुने लिहिले होते: 'आमच्या शेतात यंदा वेळ अमावास्या होणार नाही. कृपया कुणी येऊ नये.' आजाराचे नाव घेऊन गावाला घाबरवू नये एवढा विवेक त्याने दाखवला होता. परंतु त्याचे सारे शिक्षण पुण्यात झाले. येळवस दुष्काळात मोडत नाही, भांडणात मोडत नाही. ती केवळ सुतकात मोडते, हे त्याला कुणी शिकवले नव्हते. हा दोष माझाच म्हणायचा.

"तुमचा फोन बी बंद," चंद्रभान डोळे पुसत म्हणाला. "मंग माणसानं काय समजावं?"

"आन् मी पहाटंच शंतनुला फोन लावला," अप्पाराव ओशाळून म्हणाले. "म्हनलं, धीर धर बाबा, बाई लय सोन्यासारख्या होत्या. त्यो नुसता 'निघालो' म्हनला. त्यो आला की समदे गंगाखेडला निघनार हुतो."

"आधी त्याला फोन लावा."

पलीकडून गाडीचा आवाज आला आणि मग शंतनुचा, ओळखू न येण्याइतका बारीक. "अप्पाकाका, कधी गेली ती?"

"सहाच्या गाडीने निघाले, आत्ता पोहोचले," मी म्हणाले. "मी जिवंत आहे. तू कुठे आहेस?"

गाडीचा आवाज थांबला. त्याने गाडी कडेला घेतली असावी. मग तो नाक ओढत म्हणाला, "नगरच्या पुढं."

"आता इतका आलाच आहेस तर जेवायला ये. सावकाश चालव. आंबील ठेवते."

फोन ठेवून मी अंगणाकडे वळले. आंबिलीचा माठ कडूबाईने निरोप यायच्या आधीच भरला होता, पण भज्जीची चूल पेटलीच नव्हती.

"उठा सारे. भाज्या, डाळी, पातेली रानात घ्या. भज्जी तिथेच तीन दगडांवर होईल. तोवर पिठले-भाकरी खाऊ."

शुभदाकाकू गावातल्या सर्वांत वडील. त्यांनी कपाळाला हात लावला. "सुतकाचं पिठलं सनाला? पांडव काय म्हनतील गं?"

"वनवासात त्यांनी याहून वाईट खाल्ले असेल, काकू. शिवाय जिचे सुतक तीच वाढणार आहे."

अंगणात पहिल्यांदा कुणीतरी हसले, आणि मग सारेच.

"बाई, तुमच्याबद्दल किती चांगलं बोललाव आमी सकाळधरनं," कडूबाई तक्रारीच्या सुरात म्हणाली. "सगळं वाया गेलं."

"वाया कसे जाईल? भज्जीची मेथी निवडताना पुन्हा सांग. मला ऐकायचे आहे."

रानात मी बोअरच्या पाइपाशी साबण घेऊन चंद्रभानला उभे केले. हात धुतल्यावाचून कोपीकडे कुणी सरकले नाही. अप्पारावांना तर दोनदा परत पाठवले. पांडवांची पूजा झाली, ज्वारीवर आंबील शिंपडली, चांगभलं झाले. दुपारी डॉक्टर राजेश्री आली, तिने पाण्याचे पातेले उघडून पाहिले आणि हात धुऊन पंगतीत बसली. त्या दिवशी पिठले आधी संपले, भज्जी नंतर.

साडेतीनच्या सुमारास शंतनु बांधावरून आला. तोंडाला मास्क होता, हातात बाटलीबंद पाण्याचा खोका. मला पाहताच त्याने खोका खाली ठेवला आणि लहानपणी सुटीत घरी आला की बसे तसा माझ्याशेजारी मातीत बसला. मी आंबील दिली. त्याने मास्क काढला आणि प्यायला.

"नगरपर्यंत एकच वाटत होतं," तो म्हणाला. "तुझ्याशी शेवटचं बोललो ते भांडण होतं. टीव्हीवर तो आजार इतके दिवस पाहिला, पण असली भीती एकदाही वाटली नव्हती."

"फोन बंद ठेवला ही माझी चूक," मी म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यात फार थोड्यांना ऐकवले आहे. "यापुढे तो चालू राहील. पण घरही चालूच राहील, शंतनु."

त्याने हात धुण्यासाठी लागलेल्या रांगेकडे पाहिले, भाकरी खाणाऱ्या राजेश्रीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मग रविवारी नको येऊ?"

"रविवारी हरभऱ्याला पाणी द्यायचे आहे. काढणी झाली की मीच येईन, रेल्वेने. आठ दिवस."

"आई, महिनाभर तरी."

"आठ."

"पंधरा? बरं, दहा?"

दिवस कलला होता. कडब्याचा मशालीसारखा हेंडगा बांधून चंद्रभान हाका मारत होता. तो पेटवून रानाभोवती फिरवायचा, आणि पुढे घरच्या वडील माणसाने चालायचे. मी पदर खोचला आणि शंतनुच्या खांद्याचा आधार घेऊन उठले.

"नऊ," मी म्हणाले, आणि बांधाकडे निघाले.